बिब्बा आणि ब्रेक

राजेश्रीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या चिमटीमुळे.

बोरीच्या आमच्या शाळेच्या कुंपणाला लागून सुबाभळीची रांग होती. फांद्या फार खाली आल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी परमेश्वरला बोलावलं. परमेश्वर हा माझ्याच गल्लीतल्या आश्रुबाचा मुलगा. साखळीची करवत, जिला आमच्याकडे सगळे ‘कटर मशीन’ म्हणतात, ती गावात पहिल्यांदा त्यानंच आणली होती. मी सहावीच्या वर्गावर होते. मशीन अशी किंचाळत होती की शिकवणं शक्यच नव्हतं. मुलांबरोबर मीही खिडकीत जाऊन उभी राहिले.

तेवढ्यात परमेश्वरची नवी नवरी डबा घेऊन आली. लग्नाची हळद अजून उतरायची होती. तिनं डबा पारावर ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता आधी खाली पडलेल्या भुशाकडे बघितलं. वाकून एक चिमूट उचलली, अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळली, पुन्हा चोळली. गिरणीवर गेलेली बाई दळण बघते ना, अगदी तशी.

“पीठ लय बारीक पडायलंय,” ती म्हणाली. “हिला टाकी लावायला झाली.”

झाडाखालचे सगळे पुरुष हसले. एकजण म्हणाला, “वयनी, ही गिरणी न्हाई, मशीन हाय!”

“दात दोघीलाबी हायेत,” ती म्हणाली आणि डबा उघडायला बसली.

मला ते उत्तर फार आवडलं. संध्याकाळी मी मुद्दाम त्यांच्या ओसरीवर गेले आणि ती कोणाची कोण ते विचारून घेतलं. राजेश्री चुडाव्याची. तिच्या वडिलांची तिथं स्टेशनजवळ पिठाची गिरणी. जात्याचा दगड गुळगुळीत झाला की त्याला छिन्नीनं नवे दात पाडतात, त्याला टाकी लावणं म्हणतात. ती लहानपणापासून ते बघत आलेली. दगडाला धार असली की दळण मोकळं पडतं. धार गेली की पीठ गरम होतं, करपल्याचा वास येतो आणि पट्टा ओरडायला लागतो. परमेश्वरची मशीन तशीच ओरडत होती आणि भुसा मैद्यासारखा पडत होता. धार असलेली साखळी लाकडाची भरड काढते, ढलप्या उडवते. गिरणीची भाषा तिनं इकडं आणून लावली, एवढंच.

आणखी एक गोष्ट तिनं माहेराहून आणली होती. वडिलांच्या गिरणीत कोणाही बाईला पदर खोचल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. एकदा तिच्या आईचाच पदर पट्ट्यात गेला होता. वडिलांनी धावत जाऊन इंजिन बंद केलं म्हणून नुसतं लुगडं फाटण्यावर निभावलं. “बाई,” ती मला म्हणाली, “मशीनला माणूस आन् लाकूड येगळं कळत न्हाई. आपल्यालाच कळाय पायजे.”

परमेश्वर मनानं उमदा, पण घाईचा. मशीन हवेत धरून झटका मारून सुरू करायचा, गरम इंजिनातच पेट्रोल ओतायचा, साखळीच्या तेलाची टाकी कोरडी पडली तरी दामटायचा. मशीन दर आठ दिवसांनी जिंतूरला दुरुस्तीला. राजेश्री बरोबर जायची आणि मेकॅनिकच्या हाताकडे टक लावून बसायची. हळूहळू दुरुस्ती घरी होऊ लागली, मग साखळीला कानस लावणं घरी, मग एके दिवशी परमेश्वरनं ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरलं आणि मशीन तिच्या हाती गेली. ती हसून सांगायची, “आमच्या ह्यांला मशीन आवडती, पर मशीनला हे आवडत न्हाईत.” परमेश्वर स्वतःच हा विनोद चारचौघांत सांगतो.

माझी ओसरी त्यांच्या ओसरीसमोर. निवृत्त झाल्यापासून सकाळी मला तेच बघायला असतं. राजेश्री परमेश्वरची जुनी जाड पँट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालते, पायांत पुढे लोखंड असलेले बूट. बांगड्या देवघरात, मंगळसूत्र सदऱ्याच्या आत, केस हेल्मेटमध्ये. हेल्मेटला तोंडापुढे जाळी आणि कानांवर वाट्या. पेट्रोल आणि ऑईलची बाटली ती ताकासारखी घुसळते. हवेची जाळी जुन्या टूथब्रशानं झाडते. हातमोजा घालून साखळी दोन बोटांनी वर ओढून सोडते; ती चटकन जागेवर बसली पाहिजे, पाळण्याच्या दोरीसारखी लोंबली तर पुन्हा आवळायची. मग मशीन जमिनीवर टेकवून, मागच्या दांड्यात बूट रोवून सुरू करते. आणि शेवटी मनगटानं पुढची ढाल ढकलते. टक!

ही ढाल म्हणजे पुढच्या मुठीसमोर उभा केलेला काळा पंजाच. पात्याचं टोक चुकून कशाला लागलं की मशीन उसळते आणि थेट चालवणाऱ्याच्या तोंडावर येते. तेव्हा ही ढाल मनगटावर आपटून पुढे ढकलली जाते आणि साखळी जागच्या जागी थांबते. कंपनीच्या भाषेत तो ब्रेक. राजेश्री त्याला मशीनचा हात म्हणते. “तिनं आपल्यासाठी हात आडवा धरलाय,” ती म्हणते. सकाळी समोरून तो टक ऐकू आला की मी चहाचं आधण ठेवते.

आश्रुबाला मात्र हे सगळं बघवत नसे. आश्रुबा जुना कुऱ्हाडीचा माणूस. पंचक्रोशीत त्याच्या हाताचं नाव होतं. एकदा बाजारच्या दिवशी लोक जमून वाहवा करत असताना कुऱ्हाड सटकली आणि नडगीत घुसली. तेव्हापासून तो किंचित लंगडतो, आणि त्याच्या मते ती कुऱ्हाड सटकली नव्हती, नजर लागली होती. आता सुनेची वाहवा सुरू झाली होती. कोणी ओट्यावर बसून म्हणायचं, “आश्रुबा, तुझी सून म्हंजी वाघीण हाय गा,” की म्हातारा खाली थुंकायचा आणि विषय बदलायचा.

मागच्या वैशाखात हे सगळं एका सकाळी एकत्र आलं.

आदल्या संध्याकाळी वावधान सुटलं होतं. असा वारा की पत्रे उडून दुसऱ्या गल्लीत गेले. सकाळी बघतो तर धुरपताबाईच्या घरामागचा जुना कडुलिंब तिच्या घरावर कलला होता. एका बाजूची मुळं उचलून मातीबाहेर आली होती. धुरपताबाई एकटी राहते. दोन खोल्या, वर पत्रे, तेवढंच तिचं जगात आहे. तिनं शेळी आणि पितळेची घागर बाहेर आणून ठेवली होती आणि घागरीवर हात ठेवून उभी होती. येलदरीच्या बाजूनं आभाळ पुन्हा काळं होत चाललं होतं. आणखी एक वावधान आलं असतं तर झाड आणि घर एकत्रच जमिनीवर आलं असतं.

झाडाच्या दुसऱ्या बाजूला मोकळं खळं होतं. झाड पाडायचं तर तिकडेच, कललेल्या दिशेच्या उलट. वायरमननं लाईन बंद केली. परमेश्वरनं शिडीवरून उंच शेंड्याजवळ जाड दोर बांधला आणि तो खळ्याच्या पलीकडे लांब उभ्या केलेल्या ट्रॅक्टरला जोडला. सारं गाव लोटलं. कुस्तीच्या फडाला असते तशी गर्दी, आणि तसाच कल्ला. किराणा दुकानवाले व्यंकटराव सगळ्यांत पुढे. कोणत्याही कामात ते हात सोडून बाकी सगळं लावतात.

राजेश्री आली. आज घाईत मशीन घरी सुरू करून बघायची राहिली होती. आधी झाडाभोवती फिरली, वर बघितलं, मुळांकडे बघितलं. मग बुंध्यापासून मागे तिरकं पळायची वाट मोकळी केली, त्यातले दगड उचलून फेकले.

“बांगड्या काढल्यास का गं?” धुरपताबाईनं तेवढ्यातही विचारलं.

“बांगड्या घरी हायेत आजी. हात हितं आणलेत.”

लोक हसले. तिनं पात्यावरचं म्यान काढलं, मशीन जमिनीवर टेकवून सुरू केली आणि मनगटानं ढाल ढकलली.

टक झालं नाही.

पुन्हा ढकलली. ढाल हललीच नाही. राजेश्रीनं मशीन बंद केली.

“काय झालं? आगं आभाळ आलंय!” व्यंकटराव ओरडले. “मशीनची पूजा करायलीस का? हाण की!”

तिनं हेल्मेट काढलं आणि खाली बसून ढालीवरून बोट फिरवलं. काळ्या ढालीवर काळा दोरा होता. ढाल आणि मूठ एकत्र घेऊन इतका आवळून गुंडाळला होता की दोन्ही एकजीव झाले होते. आणि दोऱ्याच्या मधोमध, मुठीच्या आतल्या बाजूला, दिसणारही नाही असा एक बिब्बा. लहान मुलांच्या पायात, गोठ्याच्या दारात, नव्या गाडीला नजर लागू नये म्हणून बांधतात तो.

“कोनी बांधलं हे?”

आश्रुबा दोराजवळ उभा होता आणि आभाळ न्याहाळत होता. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. आमच्या गल्लीत अशा गाठी मारणारा माणूस एकच.

“मामा,” राजेश्री म्हणाली.

“शनवार हाय,” आश्रुबा आभाळाकडे बघतच म्हणाला. “पहाटं मारुतीला गेलतो. लोकं लय बोलायलेत तुझ्याबद्दल. आज तर सारं गाव बघायला यीन, म्हनलं. माझ्या येळंला कोनी बांधला नव्हता.” त्यानं नकळत नडगीवर हात नेला.

गर्दीला लगेच तोंड फुटलं.

“ऱ्हाऊ दे की मंग! एवढुसा बिब्बा, त्याचं काय वजन हाय? चालव तशीच!” व्यंकटराव म्हणाले.

“नको काढू गं माय,” धुरपताबाई म्हणाली. तिचं घर, आणि तीच म्हणत होती. “बांधलेला बिब्बा काढू ने. आज तर न्हाईच न्हाई.”

परमेश्वर ट्रॅक्टरवरून उतरून आला होता. “राजेश्री, आजच्या दिस बिनब्रेकचं...”

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो परत ट्रॅक्टरकडे गेला.

वारा सुटायला लागला. कडुलिंबाच्या मुळांतून एक बारीक कुरकुर ऐकू आली आणि सगळी गर्दी पाऊलभर मागे सरली. मला वाटलं, आता ही दोरा तोडणार आणि म्हातारा चारचौघांत मोडून जाणार. नाहीतर ही दोरा तसाच ठेवून झाडाला भिडणार.

राजेश्री मशीन उचलून आश्रुबापाशी गेली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

“मामा, तुमचा हात छातीला आवळून बांधला आन् मंग कुऱ्हाड सटकली, तर काय करचाल?”

“काय करनार? हात मोकळा पायजे. आडवा तरी धरता यीन.”

“ह्यो मशीनचा हात हाय,” तिनं ढालीवर टिचकी मारली. “मला वाचवायला धरलेला. तुमी त्योच बांधलाय.”

आश्रुबानं ढालीकडे बघितलं. दोनदा डोळे मिटले, उघडले. मग फतकल मारून बसला आणि म्हणाला, “इकडं आन.”

कोणीतरी विळा पुढे केला. म्हाताऱ्यानं तो झिडकारला. बांधलेला दोरा कापायचा नसतो, सोडायचा असतो. तो एक-एक गाठ नखानं उकलायला लागला. आभाळ आता माळापर्यंत आलं होतं, धुळीचा पहिला लोट खळ्यावरून गेला, व्यंकटराव कपाळ बडवून घेत होते, “आरं म्हाताऱ्या, दिवाळीपतोर सोडनार का?” आणि राजेश्री मांडी घालून शांत बसली होती, जणू सासरा तिच्या पायातला काटा काढतो आहे. एकदाही ‘लवकर करा’ म्हणाली नाही. गाठ सुटली, दुसरी सुटली, शेवटची सुटली.

दोरा हातात घेऊन आश्रुबा तसाच बसला. आता या बिब्ब्याचं काय करायचं, ते त्याला कळेना.

राजेश्रीनं हेल्मेट घातलं, त्याच्याकडे पाठ केली आणि मान वाकवली. “हितं बांधा. मागच्या पट्ट्याला. नजर आदी डोक्याला लागती, मशीनला मागून.”

गर्दीत जो हशा उठला, त्यात धुरपताबाईही हसली. आश्रुबानं सुनेच्या हेल्मेटमागे बिब्बा बांधला. या वेळी एकच गाठ.

राजेश्रीनं मशीन सुरू केली. ढाल ढकलली.

टक!

मग जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. तिनं गर्दीला हातानं मागे, आणखी मागे, झाडाच्या दुप्पट उंचीइतकं मागे हटवलं. खळ्याच्या बाजूनं बुंध्याला तिरकी खाच पाडली आणि टरबुजाची फोड निघावी तशी लाकडाची फोड बाहेर काढली. ढलप्या उडत होत्या, जाड, पांढऱ्या, ओलसर. आदल्या दिवशीच कानस लावलेली साखळी होती. मग ती घराच्या बाजूला गेली, खाचेपेक्षा थोडं वर पातं लावलं. परमेश्वरनं दोर ताणला. पातं आत गेलं तसं आश्रुबानं मागून लाकडी पाचर आणून दिली. ती तिनं चिरेत ठोकली, म्हणजे झाड मागे बसून पातं चिमटणार नाही. पुन्हा कापलं. पुन्हा पाचर. ती बुंधा आरपार कापणार नव्हती. दाराच्या बिजागरीसारखी लाकडाची एक पट्टी मध्ये ठेवायची, तिच्यावर झाड वळतं, हे तिनं मला एकदा काडेपेटीच्या कागदावर दाखवलं होतं.

झाड कण्हलं. राजेश्रीनं मशीन बंद केली, वर बघितलं, आणि परमेश्वरला हात केला. ट्रॅक्टर पुढे सरकला. ती आधी मोकळ्या केलेल्या वाटेनं मागे निघाली, तिरकी, नजर झाडावरच. कडुलिंब एक क्षण कोणाकडे जावं ते न कळल्यासारखा उभा राहिला. मग बिजागरी वळली आणि तो सगळा हिरवा डोंगर धुरपताबाईच्या पत्र्याला पानही न लावता खळ्यावर आडवा झाला. पायाखालची जमीन हलली. धुरळ्यात कोणाचं कोणाला दिसेना. पोरं किंचाळत होती, माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, मी शेजारच्या बाईला मिठी मारली होती आणि ती कोण होती ते मला अजून माहीत नाही.

आणि नेमकं इथंच आमच्या लोकांनी आमच्या लोकांसारखं केलं. झाड पडलं की ते गावाचं. कोणी शेळीला पाला, कोणी चुलीला काटक्या. मशीन पुन्हा सुरू झाली तरी लोक फांद्यांवर तुटून पडले. राजेश्री रस्त्यावर आलेली एक फांदी कापत होती आणि ओरडत होती, “सरका! मागं सरका!” व्यंकटरावांना मांडवासाठी एक सरळ मेढ दिसली. त्यांनी पलीकडून ती जोर लावून ओढली, गुंत्यातली दुसरी फांदी फिरली आणि थेट पात्याच्या टोकावर आली.

मशीन उसळली. मी ती तिच्या तोंडाकडे येताना बघितली.

टक.

साखळी थांबली होती. पातं तिच्या खांद्याबाहेरून वर आलं होतं, कारण ती कधीच पात्याच्या सरळ रेषेत उभी राहत नाही. पण हेल्मेटची जाळी आणि पात्याचं टोक यांत वीतभरच अंतर होतं. ढाल तिच्या मनगटावर टेकलेली. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. राजेश्रीनं ते बंद केलं आणि मशीन जमिनीवर ठेवली. मग हातमोजे काढले.

पहिले बोलले व्यंकटराव, हातातली मेढ तशीच धरून. चेहरा पांढराफटक. “बिब्ब्याचा गुन,” ते पुटपुटले. “बिब्ब्यानं वाचवलं बगा.”

आश्रुबा लंगडत पुढे आला. त्यानं सुनेच्या दोन्ही हातांकडे निरखून बघितलं, उलटे करून, सुलटे करून. मग व्यंकटरावांकडे वळला.

“बिब्बा मागं व्हता, शेटजी,” तो म्हणाला. “फुडं हात व्हता. आन् ती मेढ खाली ठिवा.”

वादळ थोड्याच वेळात आलं. सगळे जमेल तिथं आडोशाला पळाले. धुरपताबाईच्या पत्र्यांवर पाऊस ताशासारखा वाजला, आणि आत आम्ही सातआठजणी दाटीवाटीनं बसून तिच्या घागरीतलं पाणी पीत एकाच वेळी बोलत होतो. राजेश्री कोपऱ्यात मशीन मांडीवर घेऊन तिच्या पात्याच्या खोबणीतला भुसा काडीनं काढत होती. एक चिमूट तिनं माझ्या तळहातावर ठेवली. “बघा बाई. भरड हाय का न्हाई?”

भरडच होती.

आता गावात मशीन सुरू असताना कोणी फांदीला हात लावत नाही. लावलाच तर व्यंकटरावच आधी ओरडतात. आश्रुबा दर अमावस्येला हेल्मेटचा बिब्बा बदलतो, आणि बदलून झालं की स्वतः मशीनची ढाल दाबून बघतो. राजेश्री बोरीतच राहते. आठवड्यात सहा दिवस ती आसपासच्या गावांत झाडांना जाते, आणि शनिवारी ओसरीवर मशीन उघडून साफ करते.